हजेरीपटाच्या क्रमाने

तीन वर्षांच्या एलएलबीच्या सकाळच्या वर्गात कोण कोण बसतं, हे बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. आमच्या वर्गात साडेसातच्या तासाला पहिल्या बाकावर रात्रपाळी संपवून आलेले पोलीस नाईक असत. त्यांच्या मागे तहसील कचेरीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून काका. मार्केट यार्डातल्या एका गाळ्यावर हिशेब लिहिणारा दिवाणजी, दोन मुलांना शाळेच्या रिक्षात बसवून धावत येणारी हडपसरची ताई, एक औषध कंपनीचा प्रतिनिधी, नुकतीच बीकॉम झालेली मुलं-मुली आणि राष्ट्रीयीकृत बँकेच्या काउंटरवरची मी. अकराला तास संपले की ज्याची त्याची धावपळ सुरू. वर्गाची प्रतिनिधी म्हणून मला निवडलं, कारण माझ्याकडे सगळ्यांचे नंबर होते.

यातल्या जवळजवळ निम्म्या लोकांना वकिलीची सनद मिळणार नव्हती, आणि ते त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम आहे की पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. नाईकसाहेब नोकरी सोडणार नव्हते, मीही नाही. मग आम्ही शिकत का होतो? कुणाला खात्याची परीक्षा द्यायची होती, कुणाला घरच्या जमिनीचा दावा समजून घ्यायचा होता, कुणाची जुनी इच्छा राहून गेली होती. पण काळा कोट, बँड, सनद घेतानाची शपथ यांतलं काहीच आमच्या वाट्याला येणार नव्हतं. कॉलेजात शेवटच्या वर्षी होणारा गौरव समारंभ, तेवढाच एक दिवस आमचा असणार होता. म्हणून २०२० साली तो होणार नाही असं वाटायला लागलं, तेव्हा मला जे वाईट वाटलं ते बावीस वर्षांच्या मुलांपेक्षा जास्त होतं, हे मी मोकळेपणाने सांगते.

९ मार्चला पुण्यात राज्यातले कोरोनाचे पहिले दोन रुग्ण सापडले. त्याच आठवड्यात आमचे तास थांबले. मूट कोर्टच्या पेपरसाठी प्रत्येकाला एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला कोर्टात बसून पाहायचा असतो, त्याची नोंदवही, म्हणजे जर्नल, लिहायची असते. अर्ध्या वर्गाचा फौजदारी खटला पाहायचा राहिला होता आणि शिवाजीनगर कोर्टात तातडीच्या कामाशिवाय कुणालाच प्रवेश नव्हता. "ताई, जर्नलचं काय होणार?" हा प्रश्न आमच्या ग्रुपवर एप्रिलभर रोज येत होता. उत्तर कुणाकडेच नव्हतं.

जूनमध्ये राज्य सरकारने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेता आधीच्या गुणांवर निकाल लावायचं ठरवलं. प्राचार्या मॅडमनी मला फोन करून सांगितलं, "ऑगस्टमध्ये ऑनलाइन गौरव करू, तयारीला लाग." ६ जुलैला यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, सुधारित सूचना आल्या: सप्टेंबरअखेर परीक्षा घ्याच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यात १४ ते २३ जुलै पुण्यात पुन्हा कडक लॉकडाऊन लागला. मॅडमचा दुसरा फोन आला, "थांब. परीक्षा न देता पदवीधर म्हणून कुणाचा गौरव करायचा आणि उद्या न्यायालयाने परीक्षा घ्या म्हटलं, तर ती आपल्याच विद्यार्थ्यांची चेष्टा होईल."

२८ ऑगस्टला निकाल आला. न्यायमूर्ती अशोक भूषण, आर. सुभाष रेड्डी आणि एम. आर. शहा यांचं खंडपीठ. आम्ही तीन वर्षं निकालपत्रं वाचत होतो, पण त्यातले पक्षकार नेहमी दुसरे कुणीतरी असायचे. हे निकालपत्र आमच्या ग्रुपवर पडलं आणि रात्री उशिरापर्यंत लोक मोबाईलवर परिच्छेद वाचत होते. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं होतं: यूजीसीच्या सूचना वैध आहेत. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली राज्य परीक्षा पुढे ढकलू शकतं, त्यासाठी यूजीसीकडे मुदतवाढ मागू शकतं, पण परीक्षाच न घेता विद्यार्थ्यांना पास करण्याचा अधिकार राज्याला नाही. आमच्यातले काही चिडले, काही रडवेले झाले. अव्वल कारकून काकांनी मात्र ग्रुपवर लिहिलं, "मला परीक्षा हवीच होती. चौसष्टाव्या वर्षी सरासरीने पास झालो असं नातवाला कसं सांगू?" काकांचं मला पटलं. तोपर्यंत मी परीक्षेच्या विरोधात होते.

ऑक्टोबरात बहुपर्यायी प्रश्नांची ऑनलाइन परीक्षा झाली. तिच्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. निकाल लागल्यावर मॅडमचा तिसरा फोन आला आणि खरं काम तेव्हा सुरू झालं.

मुलांच्या डोक्यात मोठ्या कल्पना होत्या. त्या ऑगस्टमध्ये आयआयटी मुंबईने आभासी पदवीदान केलं होतं, त्यात विद्यार्थ्यांचे संगणकावर तयार केलेले पुतळे मंचावर जाऊन पदवी घेत होते. आमच्याकडेही तसंच काही करावं असं दोघातिघांनी सुचवलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आपल्याकडे तेवढे पैसे नाहीत आणि मला ते नकोही आहे. मला प्रत्येकाचं नाव नीट घ्यायचं आहे. नाव, गाव आणि या वर्षात त्याने काय केलं याचं एक वाक्य. तेवढं जमव."

कपड्यांवरूनही चर्चा झाली. १३ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना दूरदृश्य सुनावणीत कोट आणि गाऊनमधून सूट दिली होती. पांढरा शर्ट, पांढरी साडी किंवा पांढरा सलवार-कमीज आणि गळ्याशी पांढरा बँड एवढं पुरेसं. मुलांना वाटलं, आपणही पांढऱ्या कपड्यांवर बँड लावून बसू, फोटो छान येतील. मॅडम म्हणाल्या, बँड सनद मिळाल्यावर. तो वकिलाचा वेश आहे, पदवीधराचा नाही. मग एका मुलाने विचारलं, "मग ज्यांना सनद मिळणारच नाही त्यांनी?" फोनवर क्षणभर कुणीच बोललं नाही. शेवटी ठरलं की सगळ्यांनी फक्त पांढरे कपडे घालायचे, बँड कुणीच लावायचा नाही. त्या दिवशी कोण पुढे वकील होणार आणि कोण नाही, हे पडद्यावर दिसता कामा नये. हा निर्णय अगदी योग्य होता असं मला आजही वाटतं.

आणि क्रम? गुणवत्तेप्रमाणे नाही, आडनावाप्रमाणे नाही. हजेरीपटाच्या क्रमाने.

मी एक तक्ता केला. हजेरी क्रमांक, पूर्ण नाव, नाव कसं उच्चारायचं, गाव, आणि एक वाक्य. बँकेतून सुटल्यावर संध्याकाळी एकेकाला फोन लावायचे. पहिलं उत्तर जवळजवळ प्रत्येकाचं एकच असायचं, "मी काही नाही केलं हो ताई, घरातच होतो." तिथे फोन ठेवला असता तर तक्ता रिकामाच राहिला असता. मग मी विचारायची पद्धत बदलली. काय केलंस असं न विचारता, "एप्रिलमध्ये सकाळी उठून कुठे जायचास?" असं विचारायला लागले. मग लोक बोलायला लागले.

नाईकसाहेबांची ड्युटी भवानी पेठेत होती, बांबू आणि पत्रे लावून बंद केलेल्या गल्ल्यांच्या तोंडावर. जूनमध्ये ते स्वतः पॉझिटिव्ह आले, बरे होऊन पुन्हा त्याच जागी उभे राहिले. पण त्यांना वाक्य हवं होतं ते वेगळंच. लॉकडाऊन मोडणाऱ्यांवर त्या काळात भारतीय दंड संहितेच्या १८८ कलमाखाली धडाधड गुन्हे नोंदवले जात होते. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १९५ कलम सांगायचं की या गुन्ह्याची दखल न्यायालयाला घ्यायची असेल, तर संबंधित लोकसेवकाची लेखी तक्रार लागते, नुसत्या एफआयआरवर भागत नाही. नाईकसाहेबांनी हे आपल्या चौकीत सहकाऱ्यांना वाचून दाखवलं होतं. "आपण लिहिलेला कागद कोर्टात टिकला पाहिजे, एवढंच मी त्यांना सांगितलं," ते म्हणाले. तेच त्यांचं वाक्य झालं.

हडपसरच्या ताईंच्या सोसायटीशेजारी बांधकाम अर्धवट पडलेलं होतं आणि तिथले मजूर अडकले होते. १ मेपासून मजुरांना गावी नेणाऱ्या श्रमिक रेल्वेगाड्या सुरू झाल्या तेव्हा नाव, आधार क्रमांक, जिल्हा, मोबाईल आणि डॉक्टरचा दाखला असं सगळं भरून द्यावं लागायचं. ताईंनी गच्चीवर बसून, मुलाच्या वहीतली पानं फाडून त्यांच्या याद्या केल्या. मी विचारलं, किती लोकांच्या? म्हणाल्या, "मोजले नाहीत. गेले ना सगळे, झालं."

मार्केट यार्डच्या दिवाणजीचं काम मला सगळ्यात वकिली वाटलं. त्याच्या शेठला मिळालेले काही चेक मार्चमध्ये वटले नव्हते. न वटलेल्या चेकबद्दलच्या, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली बँकेचा मेमो आल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते, आणि लॉकडाऊनमध्ये टपालसुद्धा धड चालत नव्हतं. शेठ हातपाय गाळून बसले होते. सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्चला स्वतःहून दखल घेऊन १५ मार्चपासूनच्या सगळ्या मुदती वाढवल्या, आणि ६ मेच्या आदेशात कलम १३८ लाही ती वाढ लागू असल्याचं स्पष्ट केलं. या पोराने दोन्ही आदेश छापून आणले, शेजारच्या गाळ्यांवरही वाटले. अजून सनद नाही, म्हणून सल्ला देत नाही, फक्त आदेश वाचून दाखवतो, असं तो प्रत्येकाला आधी सांगायचा. मला त्याचा फार अभिमान वाटला.

काकांनी तीन वेळा फोन उचलून तीन वेळा विषय बदलला. शेवटी सांगितलं, "बायकोला अर्धांगवायू झाला फेब्रुवारीत. कामवाल्या बाई यायच्या थांबल्या. मी तिचं सगळं केलं. हे काही वाचून दाखवण्यासारखं नाही." मी ते तसंच मॅडमना पाठवलं आणि विचारलं, घ्यायचं का? मॅडमचं उत्तर आलं, "पहिलं हेच लिही." पण काकांचा क्रमांक पहिला नव्हता, त्यामुळे ते आलं आपल्या जागी.

दोन नावांवर मात्र अडलं. एका मुलाचा निकाल काही कारणाने राखून ठेवला होता. नियमाप्रमाणे तो अजून पदवीधर नव्हता. आणि दुसरं नाव होतं आमच्या औषध कंपनीच्या प्रतिनिधीचं. सप्टेंबरमध्ये, पुण्यात ऑक्सिजनचा बेड मिळणं सगळ्यात अवघड झालं होतं तेव्हा, तो गेला. लोकांना औषधं पोचवत दवाखान्यांतून फिरत होता. परीक्षेचा अर्ज भरलेला होता, परीक्षा दिली नव्हती.

त्याच्या पत्नीला फोन करायला मी बरेच दिवस घेतले. काय विचारणार होते मी? शेवटी मॅडमनीच फोन केला. त्या वहिनींनी एवढंच सांगितलं की पदवीधर म्हणू नका, ते त्यांना आवडलं नसतं. वर्गातलं नाव आहे तसं घ्या. हजेरीपटाचा क्रम धरण्याचा फायदा मला तेव्हा कळला. हजेरीपटावर दोघांचीही नावं होतीच. राखीव निकालवाल्याच्या नावापुढे मॅडमनी "निकाल प्रलंबित" असं लिहायला सांगितलं, कोर्टाच्या बोर्डावर लिहितात तसं, आणि बाकी सगळं इतरांसारखंच.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी साडेसातला समारंभ ठेवला. आमच्या तासाची वेळ. सुरुवातीला संविधानाची उद्देशिका. तालमीत ठरलं होतं की एकाने वाचायची आणि बाकीच्यांनी माईक बंद ठेवून म्हणायची, कारण सगळे एकदम बोलले की आवाज एकमेकांत अडकतात. पण "आम्ही, भारताचे लोक" म्हटल्यावर लोकांनी भराभर माईक सुरू केले. कुणाचा आवाज पुढे, कुणाचा मागे, भोरच्या मुलीचा तर चांगला वाक्यभर उशिरा. "अंगीकृत आणि अधिनियमित करून" हे शब्द पुन्हा पुन्हा येत राहिले. मॅडमनी थांबवलं नाही. शेवटचा आवाज संपेपर्यंत त्या थांबल्या.

त्यांचं भाषण छोटं होतं. २०२० मध्ये जो साथरोग कायदा देशभर वापरला गेला, तो १८९७ चा, प्लेगच्या वेळचा. जेमतेम चार कलमांचा कायदा. त्यात सरकारच्या अधिकारांबद्दल होतं, ज्याच्या घरात शिरायचं त्याच्या हक्कांबद्दल काही नव्हतं. पुण्यात घरझडत्यांनी काय केलं आणि त्याच सालच्या २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी का झाडली गेली, हे पुण्याच्या प्रत्येक शाळेत शिकवतात. पण त्या कायद्याचा मजकूर फार थोडे लोक वाचतात, तो वाचा, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं की ज्यांचं नाव आपल्या विद्यापीठाला आहे, त्या सावित्रीबाई १० मार्च १८९७ ला गेल्या, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता. एकाच साथीत, एकाच शहरात, या दोन्ही गोष्टी घडल्या. आणि यंदा एप्रिलमध्ये त्याच जुन्या कायद्यात वटहुकमाने दुरुस्ती करून डॉक्टर, परिचारिकांवरचा हल्ला अजामीनपात्र केला गेला, तीही वाचा. एवढं बोलून त्यांनी हजेरीपट उघडला.

त्या नाव घेत, गाव सांगत, वाक्य वाचत आणि थांबत. "हजर, मॅडम" असं उत्तर येईपर्यंत. कुणाचा माईक सुरू होत नसे, कुणाची रेंज जात असे. पाबळजवळच्या एका मुलाला घरातून बाहेर येऊन गोठ्यापाशी उभं राहावं लागलं. तो हजर म्हणेपर्यंत पुढचं नाव घेतलं नाही. एरवी सभागृहात शिपाई मागून ढकलत असतात, "चला, चला, पुढचे." इथे कुणालाच घाई नव्हती. दोन तासांवर वेळ गेला आणि एकही जण बैठक सोडून गेला नाही.

काकांचं नाव आलं तेव्हा त्यांच्या मागे पलंगावर काकू उशीला टेकून बसलेल्या दिसत होत्या, पांढऱ्या साडीत. सभागृहात समारंभ असता तर त्या आल्या नसत्या, पण म्हणून ऑनलाइनच बरं असं मी म्हणणार नाही. नाईकसाहेबांची आई गावाहून बोलायला लागली आणि तिला कुणी अडवलं नाही. राखीव निकालवाल्याने "हजर" म्हटल्यावर ग्रुपवर त्याला टाळ्यांची चिन्हं इतरांपेक्षा जास्त आली.

औषध प्रतिनिधीचं नाव घेतल्यावर मॅडम तशाच थांबल्या. त्याच्या पत्नीने माईक सुरू केला आणि म्हणाली, "त्यांच्या वतीने मी हजर आहे." कोर्टात वकील म्हणतात तेच. ती वकील नव्हती, तोही झाला नव्हता.

माझंही वाक्य मॅडमनी माझ्या नकळत लिहिलं होतं. एप्रिल ते जून महिलांच्या जनधन खात्यांत दरमहा पाचशे रुपये जमा होत होते. खात्याच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे वार ठरवून दिले होते, पण दांडेकर पुलाच्या वस्तीतल्या बायका पहिल्याच दिवशी सगळ्या यायच्या, आखलेल्या चौकोनांत उन्हात उभ्या राहायच्या. त्यांना परत न पाठवता आम्ही शाखेतून पैसे दिले, हे मी कधीतरी बोलता बोलता मॅडमना सांगितलं होतं. त्यांनी लक्षात ठेवलं. माझ्या मुलीने ते ऐकलं. मला वकील म्हणून कुणी कधी पुकारणार नाही, पण कायद्याची पदवी मिळालेल्यांच्या यादीत माझं नाव गाव लावून, आवाजात पुकारलं गेलं, आणि मी हजर म्हटलं.

प्रमाणपत्र पीडीएफ म्हणून आलं, त्यावर तेच वाक्य छापलेलं होतं. पुढचं ज्याचं त्याचं. ज्यांना वकिली करायची होती त्यांनी नावनोंदणीचे कागद जमवले, मुंबईला फोर्टात बार कौन्सिलच्या कार्यालयात खेपा घातल्या. नोंदणी वेळेत झाली त्यांनी २४ जानेवारी २०२१ ची बार परीक्षा दिली, बाकीच्यांना ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागलं. नोंदणीची एकूण रक्कम काही मुलांना फार जड गेली. अधिवक्ता कायद्यात लिहिल्यापेक्षा जास्त शुल्क घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितलं, ते त्यांना चार वर्षं आधी कळायला हवं होतं. राखीव निकालही लागला. तो आता शिवाजीनगरला कौटुंबिक न्यायालयात काम करतो.

२०२१ च्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली आणि पुढच्या वर्गाचाही समारंभ ऑनलाइन होणार हे ठरलं. त्या वर्गाच्या प्रतिनिधी मुलीला मी माझा तक्ता पाठवला आणि सांगितलं, पहिलं उत्तर "काही नाही" असंच येईल, तिथे फोन ठेवू नकोस. तिने तक्ता परत पाठवला, तेव्हा त्यात एक रकाना वाढवला होता: "घरातलं कोण ऐकायला बसणार? त्यांचाही फोन नंबर." मी तिला म्हटलं, हा आमच्या वेळी असायला हवा होता.